राजकन्याचं दुखणं कोणी थांबवलं?

१

"माझ्या पोरीला मारलंय. ते आधी लिहून घ्या, मग सही करतो."

नांदेडच्या रुग्णालयात मृतदेह ताब्यात घेण्याच्या कागदावर सही करायला शेषेराव तयार नव्हते. मुदखेड ठाण्याची सहायक पोलीस निरीक्षक महादेवी तिथं पोचली तेव्हा त्यांनी आवाज चढवला नव्हता की कुणाला शिवी दिली नव्हती. येईल त्याला ते हे एकच वाक्य सांगत होते.

शेषेराव रेल्वेत गँगमन. मुदखेड जंक्शनच्या पुढचे रूळ सांभाळता सांभाळता कंबर कामातून गेलेली. शेजारी बाक होता, पण बसलं की उठवत नाही म्हणून भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांची बायको सिंधु फरशीवर बसली होती. यांच्या कंबरेच्या गोळ्या या खेपेला लवकरच संपल्या, आणि पोरगी दवाखान्यात पडलेली असताना आणायला जाणार कोण, असं ती महादेवीला सांगत होती. एवढ्या मोठ्या दुःखात माणूस असल्या बारक्या गोष्टी का बोलतो, हे महादेवीला नोकरीत ठाऊक झालं होतं. मोठं बोलायला गेलं की तोंडच उघडत नाही.

राजकन्या त्यांची थोरली लेक. लातूरच्या एका अकादमीत पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी तोंडावर आली आणि ती तापानं फणफणत घरी आली. मुदखेडच्या डॉक्टर सिद्धराम यांनी रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पोरगी लगेच उठून बसली, हसायला-बोलायला लागली, चाचणी चुकवायची नाही म्हणून दारात पाय मोकळे करू लागली. मग एका सकाळी तिचं तोंड सुजलं. लघवी बंद झाली. नांदेडला आणलं, डायलिसिस केलं, तरी ती हाती लागली नाही.

"मलेरिया तर बरा झाला व्हता," शेषेराव म्हणाले. "मंग पोरगी गेली कशानं?"

त्यांचा संशय अकादमीतल्या वीरेश सरांवर होता. पोरीचं अंग पुसताना सिंधुला कमरेखाली सुईची काळीनिळी खूण दिसली होती. विचारलं तर पोरगी म्हणाली, पडले मैदानावर. सिद्धराम डॉक्टरांनी तर इंजेक्शन दिलंच नव्हतं. वीरेश पोरींना कसली तरी इंजेक्शनं देतो, हे पोरगी गेल्यावर शेषेरावांच्या कानावर आलं होतं.

महादेवीनं तक्रार लिहून घेतली, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. शेषेरावांनी राजकन्याच्या औषधांची पिशवी तिच्या हाती दिली. मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं होतं. तापाच्या पॅरासिटामॉलच्या पट्टीतली एकच गोळी गेली होती. पाण्यात घालून प्यायच्या मीठ-साखरेच्या पुड्या तशाच होत्या. महादेवीनं सगळं मोहरबंद केलं. त्यातली कोणती गोष्ट बोलते आहे, हे तेव्हा तिला कळलं नाही.

२

राजकन्यावर उपचार केलेली किडनीची डॉक्टर ऋतुजा वयानं तरुण होती. ती महादेवीशी बोलायला बसली तेव्हा तिच्यासमोरचा चहा तसाच गार झाला. शवविच्छेदनाचा अहवाल तिच्याकडे आला होता. मॅडम, तुम्ही समजता तसलं विष नाही, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. रक्तात मलेरियाचे जंतू उरले नव्हते. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"मग?"

ऋतुजानं समजावून सांगितलं. मलेरियात किडनीवर आधीच ताण असतो. ताप, उलट्या, घाम, अंगातलं पाणी आटलेलं. अशा वेळी मलेरियाच्या औषधांच्या जोडीला दुखणं दाबणारी जोरदार गोळी पडत राहिली, तर किडनीला होणारा रक्ताचा पुरवठा आणखी तुटतो. एरवी धडधाकट माणूस ती गोळी पचवतो. या अवस्थेत प्रत्येकाला पचेलच असं नाही. राजकन्याच्या किडनीत जी खराबी दिसली, ती अशीच होती.

रुग्णालयात दाखल करून घेताना ऋतुजानं घरच्यांना विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू होतं का. बापानं औषधांची पिशवी पुढं केली आणि यापलीकडं काही नाही म्हणून सांगितलं.

"लातूरला कुणी एखादं इंजेक्शन दिलं असेल तर?" महादेवीनं विचारलं.

"एकानं सहसा एवढं होत नाही. तिला हे पुन्हा पुन्हा मिळालंय." ऋतुजानं अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि लातूर सुटल्यावरही मिळत होतं. अगदी तोंड सुजेपर्यंत."

लातूर सुटल्यावर राजकन्या कुणाच्या हाती होती, हा प्रश्न महादेवीच्या मनात आला. पण आधी लातूरला जाणं भाग होतं.

३

वीरेशची अकादमी म्हणजे बाभळीच्या कडेचं एक भाड्याचं मैदान आणि पत्र्याचं शेड. तो स्वतः भरतीत थोडक्यात हुकलेला माणूस. पोरी त्याला मानत. आपण कुणाला कसलंही इंजेक्शन देत नाही, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याच्या स्कूटरच्या डिकीत सिरिंजा आणि औषधाच्या बाटल्या निघाल्या, तेव्हा त्याचं बोलणं बदललं.

पोरींना तो ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांगायचा. बाटलीवर डायक्लोफिनॅक लिहिलं होतं. दुखणं मारायचं औषध. धावून धावून नडग्या ठणकल्या की पोरी रडत यायच्या, हा टोचायचा, पोरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायच्या. डॉक्टर तो नव्हता, सुई धरायचा कसलाही परवाना त्याच्याकडे नव्हता.

"राजकन्याला ताप हाय हे मला ठाऊक नव्हतं मॅडम," तो म्हणाला. "अंग ठणकून राहिलं म्हनली. एकदाच दिलं. खरंच एकदाच."

महादेवीनं त्याला ताब्यात घेतलं. मुदखेडला ही बातमी पोचली तशी पोलीस ठाण्यासमोर माणसं जमली, फाशी द्या म्हणू लागली. पण महादेवीनं अकादमीतल्या बाकी पोरींना एकेक करून बोलावलं होतं. तीच बाटली, तीच सुई त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी घेतली होती, आणि त्या तिच्यासमोर धडधाकट उभ्या होत्या. सुई एकदाच टोचल्याचं राजकन्याच्या अंगावरूनही दिसत होतं. वीरेश गुन्हेगार होताच. पण ऋतुजा म्हणाली तसं पुन्हा पुन्हा देणारा तो नव्हता.

त्या पोरींच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. मैदानावर पोरींसाठी संडासाची सोय नव्हती. त्यामुळं सकाळपासून त्या पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. सवयच पडली होती सगळ्यांना. महादेवी स्वतः निलंग्याकडची, अशाच मैदानावर धावून खात्यात आलेली. पिशवीत तशाच राहिलेल्या मीठ-साखरेच्या पुड्या तिला आठवल्या.

४

राजकन्याच्या खोलीत करिश्मा राहायची. नायगावकडची पोरगी, राजकन्याइतकीच वेगानं धावणारी. दोघींपैकी एकीचाच नंबर लागेल, असं अकादमीत सगळे बोलत. राजकन्या गेल्यापासून करिश्मा मैदानावर आली नव्हती.

राजकन्याला एक गोळी दिली होती, असं तिनं आधी सांगितलं. पाळीत पोट दुखतं म्हणून आपण घेतो तीच. महादेवीनं ती गोळी दाखवायला सांगितलं. मग करिश्माच सांगू लागली. लातूर स्टेशनवर गाडीत बसवताना तिनं अख्खी पट्टी राजकन्याच्या पिशवीत टाकली होती. तिच्याकडची दुसरी पट्टी महादेवीनं उलटी करून वाचली. नाव वेगळं, वेष्टन गुलाबी, आतलं औषध तेच. डायक्लोफिनॅक.

"आधी का नाही सांगितलंस?"

"लोक म्हनले असते, नंबर लागावा म्हनून मारली." करिश्मानं ओढणीनं तोंड पुसलं. "अन् तिनं शपथ घातली व्हती. पप्पाला कळू देऊ नको म्हनली. इंजेक्शन घेते, गोळ्या खाते असं कळलं तर ते मला परत लातूरला धाडनार न्हाईत, असं म्हनली."

महादेवी तडक मुदखेडला शेषेरावांच्या रेल्वे क्वार्टरवर आली. राजकन्याची लातूरची पिशवी अजून कोपऱ्यात तशीच होती. सिंधुला त्यातले कपडे धुववत नव्हते. धावायच्या बुटात, मोज्याखाली, गुलाबी पट्टी लपवलेली सापडली.

पण ती जवळजवळ भरलेली होती. एखाद-दुसरी गोळी गेली असेल. घरी आल्यावर राजकन्याला ही पट्टी लागलीच नव्हती.

५

डॉक्टर सिद्धराम वयस्क होते. मुदखेडमधली निम्मी माणसं त्यांनी जन्मापासून पाहिलेली. आपण काय दिलं हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मलेरियाच्या गोळ्या, ताप चढला तरच पॅरासिटामॉल, आणि भरपूर पाणी. दुखण्याची दुसरी कुठली गोळी घ्यायची नाही, असं ते मलेरियाच्या प्रत्येक रोग्याला सांगतात. राजकन्यालाही त्यांनी विचारलं होतं, आधी काही घेतलंयस का.

"काय म्हणाली?"

"बापाकडं बघितलं अन् न्हाई म्हनली."

महादेवीनं पुढचं विचारलं. मलेरियाच्या गोळ्यांनी अंगाचा ठणका लगेच जातो का? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. जंतू मरायला वेळ लागतो, अंग तर आठवडाभरसुद्धा मोडून आल्यासारखं राहतं.

मग राजकन्या उठून बसली कशी? सिंधुनं सांगितलं होतं, घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीचा ठणका थांबला, ती हसायला लागली, दारात येरझारा घालू लागली. पॅरासिटामॉलची पट्टी तर जवळजवळ भरलेली. करिश्माची पट्टीही तशीच. इंजेक्शनाचा अंमल केव्हाच उतरलेला. तरी पोरीला दुखत नव्हतं. कोणीतरी दिवसागणिक तिचं दुखणं थांबवत होतं, त्या घरातच, अगदी जवळून.

डॉक्टरांच्या पायऱ्या उतरता उतरता महादेवी थांबली. यांच्या कंबरेच्या गोळ्या या खेपेला लवकरच संपल्या. रुग्णालयाच्या फरशीवर बसून सिंधु हेच सांगत होती.

जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, कुठं घ्यायची. महादेवीनं त्याला जरा थांब म्हणून सांगितलं. वीरेश कोठडीत होता. त्याचा गुन्हा खरा होता, त्याला शिक्षा होणार होती. गावाचं समाधान झालं होतं. बापाला राग धरायला एक माणूस मिळाला होता, आणि त्या रागावरच तो उभा होता. तो राग काढून घेतला तर खाली काय उरणार? मेलेली पोरगी परत येणार नव्हती. आपल्याला जे कळलं ते आपल्यापाशीच ठेवावं, असं तिनं जवळजवळ ठरवलं.

तेवढ्यात सिंधुचा फोन आला. वीरेशला जामीन मिळाला का, हे विचारायला. बोलता बोलता ती म्हणाली, धाकट्या सुकन्यालाही कालपासून हुडहुडी भरून ताप आलाय, अंग लई दुखून राहिलंय तिचं.

महादेवीनं ड्रायव्हरला क्वार्टरकडं गाडी घ्यायला सांगितली, आणि लवकर घे म्हणाली.

६

सुकन्या खाटेवर दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होती. शेषेराव तिच्या उशाशी वाकून उभे होते. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळ्यांची नवी पट्टी. डॉक्टरकडं संध्याकाळी नेतो, तोवर पोरीचं अंग जरा हलकं होईल, असं ते म्हणत होते.

महादेवीनं त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. हिरवं वेष्टन, तिसरंच नाव, औषध तेच.

"काका, यातल्या गोळ्या राजकन्याला दिल्या होत्या?"

"हाव. दिल्या की." शेषेरावांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "पप्पा, उभं राहवंना म्हनली. मंग माझ्यातल्या देत गेलो, सकाळ-संध्याकाळ. दुखलं तर दुपारी बी. मी न्हाई खाल्ल्या त्या दिसांत. पुरल्या पाहिजेत ना तिला."

"रुग्णालयात डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा हे सांगितलं नाही तुम्ही."

"ती तर माझी गोळी, मॅडम. कंबरेची. तिच्या औषधात कशी सांगू?"

ते असं म्हणाले आणि महादेवीच्या तोंडाकडं बघत राहिले. रूळ तपासताना कान लावून ऐकायची सवय असलेला माणूस. तिच्या गप्प बसण्यातलं काहीतरी त्यांना ऐकू आलं असावं. पेला त्यांनी हळूच खाली ठेवला.

मग महादेवीनं सगळं सांगितलं. शब्द तोडून, सावकाश. मलेरिया काय करतो, पाणी कमी पडलं की काय होतं, ही गोळी त्यात कशी भर घालते. वीरेशनं एक सुई दिली. मैत्रिणीनं पट्टी दिली. तुम्ही तुमच्या गोळ्या दिल्या. तिघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. नावं वेगळी, वेष्टनं वेगळी, औषध एकच. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.

"म्हंजे वीरेशनं मारलं न्हाई."

"त्याचा गुन्हा त्याच्यापाशी आहे. त्याची शिक्षा त्याला होईल."

"जास्ती कुणाच्या व्हत्या?" शेषेरावांनी विचारलं. "तिघांत जास्ती कुणाच्या गेल्या तिच्या पोटात?"

महादेवीनं हातातली हिरवी पट्टी मुठीत मिटली. शेषेरावांनी ती मूठ बघितली. भिंतीला पाठ लावून ते हळूहळू खाली बसले. उठवणार नाही हे माहीत असूनही बसले. मग त्यांनी मान वर केली.

"सिद्धराम डॉक्टरनं तिला विचारलं व्हतं, माझ्यासमोर. काही घेतलं का म्हनून. आधीची सुई, त्या गोळ्या, तिनं तवाच सांगितलं असतं तर डॉक्टरनं मलाबी समजावलं असतं. ती न्हाई कामून म्हनली?"

करिश्माचं बोलणं महादेवीच्या ओठावर आलं होतं. पप्पाला कळू देऊ नको.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली.

या सगळ्या तपासात ती तेवढंच खोटं बोलली.

सिंधु स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. ती आत आली, सुकन्याच्या चपला शोधून तिच्या पायात घातल्या आणि म्हणाली, "चला, दवाखान्यात."

७

पुढं वीरेशवर खटला उभा राहिला. परवाना नसताना सुया टोचून पोरींचा जीव धोक्यात घातल्याबद्दल. खुनाचं कलम त्याच्यावर लागलं नाही, आणि गावातल्या कित्येकांना ते आजही मान्य नाही. शेषेरावांवर महादेवीनं काहीही लावलं नाही. अहवालात घडलं तेवढं लिहिलं. वरिष्ठांनी तो वाचून तिला बोलावलं, बसवलं, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकरणाबद्दल बोलत राहिले. करिश्मा चाचणीला गेलीच नाही. पुढच्या वर्षी बघते म्हणाली. सुकन्याला मलेरियाच निघाला आणि ती बरी झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सिद्धराम डॉक्टरांच्या खोलीत सुकन्या टेबलावर आडवी होती. आईबाप दोन्हीकडं उभे होते, महादेवी दाराशी. डॉक्टरांनी रक्त घेतलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले.

"दुसरं काही घेतलंयस का, बाळ? एखादी गोळी, काही?"

सुकन्यानं बापाकडं बघितलं.

शेषेरावांना ती नजर दिसली.  त्यांनी टेबलाचा काठ सोडला, भिंत धरली, आणि एकेक पाऊल टाकत खोलीबाहेर गेले. जाताना सिंधुलाही हातानं खूण केली. तीही आली. महादेवी बाहेर पडली आणि तिनं दार ओढून घेतलं.

आपण जे सांगितलं नव्हतं, ते शेषेरावांना कळलं आहे, हे तिच्या लक्षात आलं.

सिंधु रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. शेषेराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून सुकन्याचा बारीक आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. शेषेरावांनी ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आपले तळहात ते उलटेपालटे करून बघत होते. महादेवी शेजारी बसली.

"लातूरला जायला रजा टाकली व्हती मी," ते म्हणाले. "तिला पळताना बघायचं व्हतं. तिला सांगितलं नव्हतं. तितं गेल्यावर हाक मारनार व्हतो."

 स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, तसं सवयीनं त्यांनी डोकं तिकडं वळवलं आणि पुन्हा खाली घातलं.

"दोघींना ल्हानपनापासून एकच सांगत आलो. बाकीचं काय बी लपवा, पर दुखलं तर लपवू नका. बापाला सांगा."

आतलं बोलणं थांबलं होतं. डॉक्टरांच्या खुर्चीचा आवाज आला.

"थोरलीनं सांगितलं, मॅडम," शेषेराव म्हणाले. "दुखतंय म्हनून तिनं मला सांगितलं."